कर ठरवतो कोण आणि गोळा करतो कोण? गुत्त्यापासून केंद्रीय मंडळापर्यंत

(अर्धापूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



तत्त्वज्ञानाचा माणूस करांवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. तो रास्त आहे. मी काही सनदी लेखापाल नाही. तुमचं विवरणपत्र मला भरता येणार नाही. पण करामध्ये एक प्रश्न असा दडलेला आहे की तो लेखापालाचा नाही, तो आपल्या सगळ्यांचा आहे. तो प्रश्न असा: एखादा माणूस येतो आणि माझ्या कमाईतला वाटा मागतो. तो दरोडेखोर असेल तर मी त्याला विरोध केला पाहिजे. तो सरकारचा माणूस असेल तर मी तो वाटा दिला पाहिजे. मग या दोघांत फरक काय? गणवेशाचा? शिक्क्याचा? की आणखी कशाचा?

ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात हाच प्रश्न विचारला होता. न्याय काढून घेतला तर राज्य आणि दरोडेखोरांची मोठी टोळी यांत काय उरतं, असा त्यांचा रोख होता. आज आपण हा प्रश्न आपल्या मराठवाड्याच्या मातीत उभा करू. कारण या मातीनं या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं भोगलेली आहेत. गुत्तेदार पाहिला, जागीरदार पाहिला, करोडगिरीचा नाका पाहिला, पटवारी पाहिला, आणि आता संगणकावरून येणारी नोटीसही पाहतो आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू. एक आकारणी आणि दुसरा वसुली. कर किती आणि कोणावर, हे ठरवणं म्हणजे आकारणीचा अधिकार. ठरलेला कर प्रत्यक्ष गोळा करून खजिन्यात भरणं म्हणजे वसुली. हे दोन्ही एकाच हातात गेलं, की गडबड सुरू होते. कौटिल्याला हे माहीत होतं. अर्थशास्त्रात महसूल गोळा करणारा ‘समाहर्ता’ वेगळा आणि खजिना सांभाळणारा ‘सन्निधाता’ वेगळा आहे. गोळा करणाऱ्याच्या हाती किल्ली नाही, आणि किल्लीवाल्याच्या हाती वसुली नाही. त्याच ग्रंथात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दिलेले आहेत. ज्यानं चाळीस प्रकार मोजले, त्याचा माणसाच्या सद्गुणावर फारसा भरवसा नव्हता. त्याचा भरवसा रचनेवर होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती पुन्हा पुन्हा लागेल.

आता आपल्या इकडं येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात महसूल गुत्त्यानं दिला जाई. गुत्तेदार हा शब्द आपण आजही वापरतो, रस्त्याचा गुत्तेदार, इमारतीचा गुत्तेदार. तेव्हा तालुक्याच्या महसुलाचा गुत्तेदार असे. दिवाण राजा चंदूलाल यांच्या काळात ही पद्धत अगदी पक्की झाली. हिशोब साधा. सरकारला रोख पैसा हवा. फौजेचा पगार थकलेला. मग एखाद्या तालुक्याच्या वसुलीचा हक्क जो जास्त बोली लावेल त्याला द्यायचा. कधी कर्ज देणाऱ्या सावकाराला, कधी अरब जमादाराला तालुकाच तारण म्हणून लावून द्यायचा. त्यानं सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि वर जे काही सुटेल ते त्याचं.

आता या रचनेत गुत्तेदार कसा वागेल? तो मुळात वाईट माणूस असायची गरज नाही. त्याला माहीत आहे की पुढच्या वर्षी दुसऱ्यानं जास्त बोली लावली तर तालुका गेला. म्हणजे याच हंगामात जे निघेल ते काढायचं. विहीर पडली तर बांधायची कशाला? दुष्काळात सूट द्यायची कशाला? सूट दिली तर त्याच्या खिशातून जाते. कुणब्यानं गाव सोडलं तरी नुकसान पुढच्या गुत्तेदाराचं. आणि कुणब्यानं तक्रार करायची कोणाकडं? आकारणी करणारा, वसूल करणारा आणि तक्रार ऐकणारा, तिन्ही एकच. मी मघाशी दरोडेखोराबद्दल विचारलं. इथं सरकारचा शिक्का होता, कागद होता, तरी शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर फरक फार थोडा उरला होता.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. फ्रान्समध्येही राजा कराची वसुली खासगी गुत्तेदारांच्या कंपनीला देत असे. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो लव्हाझिए या गुत्तेदारांपैकी एक होता. क्रांती झाली, १७९१ मध्ये ती पद्धत मोडली, आणि १७९४ मध्ये इतर गुत्तेदारांबरोबर लव्हाझिएचंही डोकं उडवलं गेलं. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण लोकांच्या लेखी तो कर ओरबाडणाऱ्यांपैकी एक होता. वसुलीच्या पद्धतीविषयीचा राग किती खोल जातो, त्याचं हे उदाहरण.

हैदराबादेत बदल घडवला तो पहिल्या सालारजंगांनी. १८५३ साल. त्याच वर्षी कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. राज्य दिवाळखोरीच्या काठावर. आणि चोवीस वर्षांचा हा तरुण दिवाण झाला. पुढं १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, तो त्या जागेवर होता.

त्यांनी काय केलं? गहाण पडलेले तालुके हळूहळू सोडवून घेतले. गुत्तेदारी मोडीत काढली आणि त्या जागी पगारी अधिकारी नेमले. १८६५ मध्ये जिलाबंदी झाली, म्हणजे राज्याचे रीतसर जिल्हे पाडले. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि तिय्यम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार. ध्यानात घ्या, आपल्या इकडं तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. देशमुख-देशपांड्यांच्या हातातून वसुली काढून घेतली आणि त्यांना ‘रुसूम’ म्हणून ठराविक रक्कम लावून दिली. गावात माली पाटील वसुलीला, पोलीस पाटील बंदोबस्ताला आणि पटवारी दप्तराला. पुढं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू झाली.

यात क्रांती कोणती? बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. शेतकरी आधीही देत होता, नंतरही देत राहिला. पण आतून एक मोठी गोष्ट बदलली. वसुली करणाऱ्याचा नफा वसुलीपासून तोडला गेला. तहसीलदारानं जास्त वसूल केलं म्हणून त्याचा पगार वाढत नव्हता. म्हणजे निदान तत्त्वतः, शेतकऱ्याला पिळण्यात त्याचा स्वतःचा फायदा उरला नाही. माझ्या मते कर गोळा करणाऱ्या कोणत्याही आधुनिक संस्थेची पहिली वीट हीच आहे.

पण नुसत्या एका विटेवर घर उभं राहत नाही. सालारजंगांच्या सुधारणा दिवाणी मुलखापुरत्या होत्या. राज्याचा मोठा भाग त्याबाहेर होता. निजामाची स्वतःची खासगी जमीन ‘सर्फ-ए-खास’, अमीर-उमरावांच्या पायगा आणि शेकडो जागिरी. जागीरदाराच्या गावात महसूल जागीरदाराचा. मोठ्या जागीरदारांकडं स्वतःची कचेरी, काहींकडं पोलीस आणि न्यायही. म्हणजे बांधाच्या अलीकडं पगारी तहसीलदार आणि पलीकडं जुनाच कारभार. एकाच राज्यात दोन शेतकरी, आणि दोघांचा नशिबाचा हिशोब वेगळा.

आणि दुसरी उणीव त्याहून मोठी. अधिकारी पगारी झाला, पण तो कोणाला जबाबदार होता? दिवाणाला. दिवाण निजामाला. आणि निजाम? कर किती घ्यायचा हे ठरवणाऱ्या जागेवर कर देणाऱ्याचा माणूसच नव्हता. कारभाराची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत आजोबांच्या काळातल्या शेतसाऱ्याच्या उर्दू पावत्या होत्या. आजोबांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण पावती ते जिवापाड जपत. का? कारण कागदावर काय लिहिलंय हे कळलं नाही तरी ‘पैसे दिले’ याचा तेवढाच पुरावा. भरणाऱ्याला आपली पावती वाचता येऊ नये, ही काही लहान गोष्ट नाही. उर्दू भाषेचा इथं दोष नाही, ती गोड भाषा आहे. दोष या गोष्टीचा, की भरणाऱ्याला समजलं पाहिजे असं कारभाराला वाटतच नव्हतं.

आता करोडगिरीचं सांगतो. तरुणांना हा शब्द माहीत नसेल, घरातल्या जुन्या माणसांना विचारा. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं जकात खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. संस्थानाच्या सरहद्दीवर नाके. ब्रिटिश मुलखातून कापड आणलं, इकडून कापूस नेला, की नाक्यावर थांबायचं, झडती द्यायची, पैसे मोजायचे. सोलापूर, वऱ्हाड, नगर या बाजूंना माणसं आपलीच, भाषा आपलीच, सोयरीकही आपलीच, पण मध्ये नाका. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात आपल्या लोकांनी हे करोडगिरी नाके जाळले, उद्ध्वस्त केले. शिंदीची झाडं तोडली, लेव्हीला विरोध केला. शिंदी का? कारण आबकारी हे संस्थानाच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. लढणाऱ्यांना हे नीट उमजलं होतं की राज्य कराच्या नसांवर जगतं. ज्या राज्याला आपण आपलं मानत नाही, त्याच्या नसा तोडायच्या.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. १५ ऑगस्ट १९४९ ला जागिरी रद्द करण्याचा कायदा अमलात आला. त्या कायद्यावर साल आहे १३५८ फसली. फसली म्हणजे पिकाचं वर्ष. वसुलीच्या सोयीसाठी वेगळं पंचांग चालवणारं राज्य, आणि जागिरी मोडण्याचा कायदाही त्याच पंचांगात! इतिहास असा कधी कधी गालातल्या गालात हसतो.

आता क्षणभर संस्थानाच्या बाहेर, ब्रिटिश हिंदुस्थानात जाऊ. कारण आज आपण ज्याला आयकर विभाग म्हणतो, त्याचं मूळ तिकडं आहे.

१८५७ चा उठाव दडपताना सरकारचा प्रचंड खर्च झाला. तूट भरून काढायला जेम्स विल्सन नावाचा अर्थसदस्य इंग्लंडहून आला आणि त्यानं १८६० मध्ये आयकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याला माफी. हा कर पाच वर्षांसाठी होता, १८६५ ला बंद झाला. पुढं कधी परवाना कर, कधी पुन्हा आयकर, असं वीस वर्षं चाललं. शेवटी १८८६ च्या कायद्यानं आयकर कायमचा बसला. त्या कायद्यानं शेतीचं उत्पन्न वगळलं. कारण उघड होतं. शेतकरी आधीच शेतसारा देत होता, एका उत्पन्नावर दोनदा कर कसा घ्यायचा? आज शेती उत्पन्नाला आयकर नाही, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

मग १९२२ चा कायदा आला आणि १९२४ मध्ये ‘सेंट्रल बोर्ड ऑफ रेव्हेन्यू’, म्हणजे केंद्रीय महसूल मंडळ, कायद्यानं स्थापन झालं. आयकर, सीमाशुल्क, अबकारी, सगळं एका मंडळाखाली. आणि लगेच १९२५ मध्ये लंडनहून एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा त्याचा विषय, आणि लेखक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १८३३ ते १९२१ या काळात केंद्र आणि प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी होत गेली, याचा तो अभ्यास आहे. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो, पण करांच्या वाटणीचा इतका बारकाईनं अभ्यास केलेला माणूस मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी होता, हे विसरतो.

१९५० मध्ये हे दोन प्रवाह एकत्र आले. हैदराबादचा स्वतःचा आयकर कायदा होता, १३५७ फसलीचा. १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर इथं लागू झाला. करोडगिरीचे नाकेही पुढच्या काही वर्षांत इतिहासजमा झाले. आणि राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ लागू झाला. त्याचा आशय एका वाक्यात सांगतो: कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि गोळाही करता येणार नाही. बसवणं आणि गोळा करणं, दोन्ही शब्द त्यात आहेत. मी सुरुवातीला आकारणी आणि वसुली वेगळी करायला सांगितली, ती यासाठी. आणि कायदा कोण करणार? तुम्ही निवडून दिलेली माणसं. निजामाच्या काळात जी वीट कमी होती, ती ही.

१९६३ च्या कायद्यानं जुन्या महसूल मंडळाचे दोन भाग झाले आणि १ जानेवारी १९६४ पासून दोन मंडळं कामाला लागली. एक केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, ते आयकर पाहतं. दुसरं अप्रत्यक्ष कर पाहणारं, त्याचं नाव २०१८ पासून केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ असं आहे. दोन्ही अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली. आयकराच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण कुठं होतं माहीत आहे? आपल्या नागपूरला. प्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी तिथं आहे, १९५७ पासूनची.

मंडळ स्वतः कर ठरवत नाही, हे पुन्हा सांगतो. दर संसद ठरवते. मंडळ तो कायदा अमलात आणतं, आणि त्यानं चूक केली तर वर दाद मागता येते. आधी विभागातलेच अपील आयुक्त, मग १९४१ पासून काम करणारं आयकर अपील न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. हे न्यायाधिकरण अर्थ मंत्रालयाखाली नाही, विधी मंत्रालयाखाली आहे. समाहर्ता वेगळा, सन्निधाता वेगळा, तसं हे.

आता अप्रत्यक्ष कराकडं. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, सगळे जीएसटी म्हणतात. त्याचे दर ठरवण्याची शिफारस जीएसटी परिषद करते. तिथं मतांचं वजन केंद्राकडं एक तृतीयांश आणि सर्व राज्यांकडं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र एकटं काही करू शकत नाही, आणि केंद्राशिवाय राज्यंही काही करू शकत नाहीत.

हा कर चालतो कसा ते अर्धापूरच्या शेतातून पाहू. समजा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. त्यानं व्यापाऱ्याला १०,००० रुपयांचा माल दिला, वर ५ टक्के म्हणजे ५०० रुपये कर लावला आणि ते सरकारला भरले. व्यापाऱ्यानं तोच माल तुम्हाला १२,००० ला विकला आणि तुमच्याकडून ६०० रुपये कर घेतला. त्यातले ५०० त्यानं आधीच दिलेत, म्हणून तो फक्त १०० भरतो. सरकारला एकूण ६०० मिळाले. ते कोणाच्या खिशातून गेले? कारखानदाराच्या नाही, व्यापाऱ्याच्या नाही. सगळे ६०० तुमचे. केळी विकताना तुम्ही कर लावत नाही, ताज्या फळांवर कर शून्य आहे, म्हणून ते ६०० वळते करून घ्यायला तुम्हाला जागा नाही. साखळी शेतकऱ्याशी येऊन थांबते. ठिबकवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, हे बरं झालं. पण खतावर ५ आहे आणि रासायनिक कीटकनाशकांवर १८.

म्हणून पारावर बसून जेव्हा कोणी म्हणतं, ‘आपण शेतकरी, आपण कुठं कर भरतो?’ तेव्हा मला वाईट वाटतं. आणि शहरातला एखादा शिकलेला माणूस म्हणतो, ‘आम्ही कर भरतो आणि हे लोक फुकट खातात’, तेव्हा राग येतो. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष कराची निव्वळ वसुली सुमारे २२ लाख कोटी रुपये होती आणि जीएसटीची एकूण वसुलीही जवळपास तेवढीच, सुमारे २२ लाख कोटी. पहिला आकडा मुख्यतः कंपन्या आणि नोकरदार, व्यावसायिकांचा. दुसऱ्या आकड्यात साबण घेणारी शेतमजूर बाई आहे, औषध घेणारा म्हातारा आहे, फवारणी करणारे तुम्ही आहात.

आणि समजा, एखाद्यानं खरंच एक रुपयाही कर भरला नाही. त्याला बोलायचा अधिकार कमी का? हा प्रश्न या देशात एकदा लढून सोडवलेला आहे. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांखाली मताचा हक्क मालमत्तेला, शिक्षणाला आणि कराला बांधलेला होता. ठराविक रकमेवर शेतसारा भरतो किंवा आयकर भरतो, तो मतदार. बाकीचे गप्प. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला, आणि घटनेनं तो दिला. त्या दिवशी मत आणि पावती यांची फारकत झाली. आज ‘करदात्यांचा पैसा’ हा शब्द ज्या तोऱ्यात वापरला जातो, त्यात ती जुनी गाठ पुन्हा बांधली जाते, हे मला सांगावंसं वाटतं. पैसा एकदा खजिन्यात गेला की तो प्रजासत्ताकाचा. त्याचा हिशोब विचारायला नागरिक असणं पुरतं.

मग आता गुत्तेदारी संपली का? कायद्यानं संपली. पण दोन ठिकाणी तिचं भूत मला दिसतं. पहिलं म्हणजे उद्दिष्ट. अर्थसंकल्पात वसुलीचा अंदाज मांडतात. तो अंदाज खाली येता येता उद्दिष्ट होतो, आणि मार्च महिन्यात अधिकाऱ्यावर त्याचा दाब येतो. अधिकाऱ्याची किंमत त्यानं किती आणलं यावर ठरू लागली, तर पगारी असूनही त्याचं मन गुत्तेदाराचं होईल. त्याची किंमत त्यानं किती बरोबर आकारणी केली यावर ठरली पाहिजे.

दुसरं ठिकाण आपल्या बाजारात आहे. आज कर गोळा करणारा पहिला माणूस म्हणजे दुकानदार. तुमच्याकडून घेतलेला जीएसटी हा त्याचा पैसा नाही, तो सरकारची ठेव सांभाळतो आहे. पण बिल न देता कर घेतला, तर तो कर नव्हे, ती गुत्तेदाराची वरकमाई. म्हणून बिल मागा. त्यावर पंधरा अक्षर-आकड्यांचा नोंदणी क्रमांक असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ नं होते. आणि लहान व्यापाऱ्यांसाठी एकरकमी कराची योजना आहे, कंपोझिशन म्हणतात तिला. त्या योजनेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, आणि तसा फलक दुकानात लावणं त्याला बंधनकारक आहे. माझे आजोबा वाचता न येणारी पावती पेटीत जपत. तुम्हाला वाचता येते, तर घ्या तरी.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न.

प्रश्न: सर, शेतसारा आता नावापुरता उरलाय. मग मोठ्या बागायतदाराला आयकर का नसावा?

उत्तर: प्रश्न धारदार आहे. १८८६ चं कारण, म्हणजे आधीच शेतसारा देतो, ते आज फारसं उरलेलं नाही, हे मान्य करावं लागेल. पण दोन गोष्टी. एक, घटनेनुसार शेती उत्पन्नावर कर बसवायचा अधिकार केंद्राला नाही, राज्यांना आहे. दोन, के. एन. राज समितीनं १९७२ मध्ये यावर विचार केला आणि तेव्हापासून एक मधला मार्ग आहे. ज्याला शेतीशिवाय दुसरं करपात्र उत्पन्न आहे, त्याचा दर ठरवताना शेती उत्पन्न हिशोबात धरतात, कर मात्र दुसऱ्या उत्पन्नावर घेतात. माझं मत विचाराल तर प्रश्न कोरडवाहू दोन एकरवाल्याचा नाहीच. प्रश्न त्याचा आहे जो दुसऱ्या धंद्याचा पैसा शेतीच्या नावावर दाखवतो. सवलत शेतकऱ्यासाठी आहे, तिच्या आड कोणी लपत असेल तर तोटा खऱ्या शेतकऱ्याच्याच अब्रूचा.

प्रश्न: केंद्र गोळा करतं, मग आपल्या राज्याला किती मिळतं?

उत्तर: पंधराव्या वित्त आयोगानं वाटून देण्याजोग्या केंद्रीय करांतले ४१ टक्के सर्व राज्यांना मिळून द्यायला सांगितलं. ‘वाटून देण्याजोग्या’ हा शब्द महत्त्वाचा. उपकर आणि अधिभार त्यात येत नाहीत, ते केंद्राकडंच राहतात. म्हणून कर वाढवला की उपकर वाढवला, हे वर्तमानपत्रात नीट वाचत जा. तुमच्या खिशाला दोन्ही सारखेच लागतात, राज्याच्या तिजोरीला नाही.

प्रश्न: मोबाईलवर आयकराची नोटीस आली म्हणून एकजण पैसे भरून बसला. खरी नोटीस ओळखायची कशी?

उत्तर: चांगलं विचारलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या पत्रावर एक दस्तऐवज ओळख क्रमांक असावा लागतो, अगदी अपवादाची कारणं सोडून. तो क्रमांक विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. लॉगिनसुद्धा करावं लागत नाही. फोनवरून कोणी ओटीपी मागितला, ‘आत्ताच्या आत्ता भरा नाहीतर अटक’ म्हणाला, तर तो विभाग नव्हे. आणि मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं एक व्यवहारी उत्तर इथं सापडतं. खऱ्या वसुलीला कायद्याचं कलम असतं, क्रमांक असतो, मुदत असते, पावती असते आणि अपील असतं. या पाचांपैकी एक जरी नसेल तर पैसे देऊ नका, आधी विचारा. नांदेडला आयकराचं कार्यालय आहे, तिथं जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत.

उशीर झाला आहे, लांबच्या गावांहून आलेल्यांना परत जायचं आहे.